बार्बिट्युरेट औषधे आणि औषधविक्रेत्याची जबाबदारी

(बडोदे येथे मराठी भाषक औषधविक्रेते व परिचारिका यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



बडोद्यात औषधांविषयी बोलावयाचे म्हणजे जरा जपूनच बोलावे लागते. १९०७ साली प्राध्यापक गज्जर, कोटीभास्कर व अमीन यांनी ‘अलेम्बिक’चा पाया घातला, तेव्हापासून औषधनिर्मिती हा या शहराच्या ओळखीचा विषय आहे. निर्मितीबद्दल मी आपणांस काय सांगणार? म्हणून दुकानाच्या फळीपासून रुग्णाच्या हातापर्यंतचा जो लहानसा प्रवास असतो, त्याविषयीच आज बोलणार आहे. आणि त्यासाठी बार्बिट्युरेट हा एकच औषधवर्ग निवडला आहे.

बार्बिट्युरिक आम्ल बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८६४ मध्ये तयार केले. गंमत अशी की, त्या मूळ आम्लाच्या अंगी झोप आणण्याचा गुण मुळीच नव्हता. त्यापासून बनविलेले बार्बिटल १९०३ साली निद्राकारक म्हणून पुढे आले आणि १९१२ साली फेनोबार्बिटल. हाउप्टमान या डॉक्टरांनी त्याच वर्षी दाखवून दिले की, शामक म्हणून दिलेल्या या औषधाने अपस्माराचे झटकेही आवरतात. पुढे १९६० नंतर डायझेपामसारखी औषधे आली व झोपेसाठी बार्बिट्युरेट देण्याची पद्धत मागे पडली. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्यासाठी वापरले जाणारे थायोपेंटोन याच वर्गातले. त्याचाही वापर आता पुष्कळ कमी झाला आहे. फेनोबार्बिटल मात्र टिकून आहे. ते स्वस्त आहे, दिवसातून एकदा घेतले तरी बहुधा पुरते, नवजात बालकाच्या आकडीवर आजही प्रथम तेच दिले जाते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याला स्थान आहे.

मग एवढी बंधने कशासाठी? या वर्गातील औषधांची हितकारक मात्रा व घातक मात्रा यांत अंतर थोडे असते. मात्रा वाढली की श्वसन मंदावते, आणि त्यावर उतारा म्हणून देता येईल असे खास औषध नाही. श्वास चालू ठेवून रुग्णास सांभाळावे लागते. सोबत मद्य घेतले असल्यास धोका कितीतरी वाढतो. गुजरातेत दारूबंदी आहे म्हणून हा प्रश्न विचारण्याचे कारण नाही, असे कृपया समजू नये. शिवाय हे औषध यकृतातील विकरांना चेतविते. परिणामी संततिनियमनाच्या गोळ्या किंवा रक्त पातळ ठेवणारे वॉरफॅरिन यांचा प्रभाव कमी होतो. ही गोष्ट स्त्री-रुग्णांना आपण सांगतो का?

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या ‘एक्स’ अनुसूचीत अमोबार्बिटल, पेंटोबार्बिटल, सेकोबार्बिटल इत्यादी औषधे आहेत. त्यांच्यासाठी स्वतंत्र परवाना, कुलूपबंद साठा आणि डॉक्टरांची दोन प्रतींतील चिठ्ठी आवश्यक असून एक प्रत विक्रेत्याने दोन वर्षे जपून ठेवावयाची असते. फेनोबार्बिटल या अनुसूचीत नाही. परंतु १९८५ च्या गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाच्या यादीत ते आहे, व चिठ्ठीवाचून ते विकता येत नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. समजा, पादरा किंवा डभोईकडचा एखादा शेतमजूर मुलीची तीन महिन्यांपूर्वीची चिठ्ठी घेऊन आपल्याकडे आला. घरात आज रात्रीपुरतीच गोळी उरली आहे. कायद्याची धास्ती घेतलेला विक्रेता ‘नवी चिठ्ठी आणा’ म्हणून त्याला वाटेला लावतो. नियमाप्रमाणे त्याचे चुकले असे म्हणता येणार नाही. परंतु फेनोबार्बिटल एकाएकी बंद झाले तर काही दिवसांत झटके पूर्वीपेक्षा जोराने उलटतात. एकामागून एक येऊन मुलगी शुद्धीवर न येण्याचीही भीती असते. गोळी सैलपणे विकणारा आणि गोळी नाकारून पुढे काय होईल ते न पाहणारा, हे दोघेही मला सारखेच धोक्याचे वाटतात.

यावर तोड नियमांतच आहे. चिठ्ठीवर डॉक्टरांनी तसे लिहिले असेल, तर तीच चिठ्ठी लिहिलेल्या वेळा व अंतराने पुन्हा वापरता येते. विक्रेत्याने प्रत्येक वेळी डॉक्टरांच्या सहीच्या वरच्या बाजूस आपले नाव, पत्ता व दिनांक नोंदवावयाचा असतो. ही एक ओळ डॉक्टर घाईत लिहीत नाहीत आणि रुग्णाला ती मागावी हे ठाऊक नसते. ती मागण्यास त्याला आपण शिकवावे. परिचारिका भगिनींनी रुग्णास घरी सोडतानाच चिठ्ठी तपासावी. ओळ नसेल आणि माणूस दारात उभा असेल, तर डॉक्टरांना दूरध्वनी करावा. ते न भेटल्यास त्याच दिवशी त्याला सयाजीराव रुग्णालयात पाठवावे, आणि गोळी कधी संपते तो दिवस कागदावर लिहून द्यावा. तोंडी सांगितलेले एस.टी. स्थानकापर्यंतही लक्षात राहत नाही.

उरलेल्या गोळ्यांबद्दल सभेपूर्वी एका भगिनींनी विचारले होते. त्या घरात मुलांच्या हाती लागतील अशा ठेवू नयेत, शेजारच्या कोणास झोप येत नाही म्हणून देऊ नयेत. रुग्णालयाच्या औषधभांडाराला विचारून त्यांची विल्हेवाट लावावी.