जर्मलच्या चकतीचा आवाज

कविता लिहिणाऱ्या माणसाने ॲल्युमिनियमवर बोलावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण माझं बालपण धातूंच्या आवाजात गेलं. अब्बा सौंदडच्या आसपासच्या गावांतून कल्हई लावीत फिरत. भाता, नवसागर, कथील आणि कापसाचा बोळा एवढंच त्यांचं भांडवल. तांब्याचं भांडं हाती आलं की आधी टिचकी मारून ऐकत. नाद लांबला तर भांडं धड, दबला तर कुठेतरी तडा. पुढे घरोघर ‘जर्मल’ आलं. ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मलच म्हणतात. हलकं, स्वस्त आणि कल्हई न लागणारं. अब्बांचं काम आटत गेलं. त्यामुळे या धातूला आमच्या घरात कधी मान मिळाला नाही.

त्याच जर्मलने मला अलीकडे कामाला लावलं. भाच्याने अमेरिकेहून एक डबी आणली. तळहातावर मावेल अशी लाकडी वाटी, तोंडावर ॲल्युमिनियमची चकती, आत थोडं अंतर सोडून काचेची दुसरी चकती आणि तळाला भोकं. लाकडी काडीचं टोक चकतीवर टेकवून लहानसं वर्तुळ ओढलं की टर्कीच्या मादीची हाक निघते. वसंतात नर त्या हाकेला भुलून येतो आणि शिकारी दबा धरून बसलेला असतो. अशा डब्या तिकडे अनेक जण हौसेने हाताने बनवतात.

आवाज निघतो कसा? काडी चकतीवरून सरळ सरकत नाही. क्षणभर अडकते, सुटते, पुन्हा अडकते. एका सेकंदात असं शेकडो वेळा होतं. सारंगीचा गज तारेला याच रीतीने बोलतं करतो, त्याला राळ लावतात ती याचसाठी. चकती अगदी गुळगुळीत असेल तर ती मुकीच राहते.

गावातल्या सुताराला घेऊन मी तशी डबी करायला बसलो. बिजाचं लाकूड सहज मिळालं. अडलं ते चकतीपाशी. पहिली चकती आम्ही जुन्या गंजाच्या झाकणातून कापली. पातळ आणि नरम पत्रा, काडीखाली दबायचा, आवाज फाटका. दुसरी काळ्या, ॲनोडाइज केलेल्या तव्याची. त्यावरचा थर इतका कठीण की पॉलिशपेपर लागेना आणि काडी नुसतीच घसरे. शिवाय तवा जाड. तिसरा तुकडा खिडक्या बनवणाऱ्याच्या दुकानातला, दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीचा, कडक आणि सपाट. तो बोलला.

त्यातही पथ्यं आहेत. पॉलिशपेपर एकाच दिशेने घासायचा आणि काडी त्या रेघांना आडवी चालवायची. चकतीला बोट लावायचं नाही, कारण कातडीचं तेल लागलं की आवाज मरतो. कापताना कड वाकता कामा नये. शाळेच्या पाटीचा तुकडाही बसवून पाहिला. त्याचा आवाज मऊ आणि खालचा. जर्मलचा तीक्ष्ण, वाऱ्यातही दूर जाणारा. त्याचं वजनही कामी येतं. तांबं पाण्याच्या जवळपास नऊपट जड, तर ॲल्युमिनियम पावणेतीनपट. काडीच्या हलक्या दाबानेही ते थरथरतं.

डबी झाली, पण हाक मारायची कुणाला? रानटर्की आपल्याकडे नाही. अमेरिकेत 1930 च्या दशकात ते दोन लाखांच्या आसपास उरले होते. शिकारीला हंगाम आणि परवाना लागू केला, पक्षी पकडून नव्या रानांत नेऊन सोडले, तेव्हा ते वाढून साठ लाखांच्या घरात गेले. तिथे हाक मारणाऱ्याला नियम बांधून घालतात. आपल्याकडे पूर्वी काही माणसं तोंडाने तितराची हाक काढीत, पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवून रानातला बोलावीत. त्यावर चूल पेटे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने ते थांबलं. आता त्या हाका जाणणारी म्हातारी माणसंही कमी झाली.

हाक मात्र थांबलेली नाही. ती मोबाइलमध्ये गेली. फोटोसाठी पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवला जातो. सारस महाराष्ट्रात आता जवळजवळ आपल्या गोंदिया परिसरातच उरला आहे. त्याचं घरटं तळ्यात किंवा धानाच्या बांधीत असतं. सारसाची जोडी मिळून साद घालते. तशीच साद कुणी यंत्रातून वाजवली तर जोडीला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरी जोडी शिरली. ती अंडी सोडून धावते. फोटो मिळतो, अंडी उघड्यावर पडतात. ज्या शेतकऱ्यांनी पिकाची नासाडी सोसून घरटी जपली, त्यांच्या श्रमावर दोन मिनिटांत पाणी फिरतं.

भाषेवर जगणाऱ्या माणसाला ही गोष्ट फार लागते. कुणाच्या भाषेत हाक मारता येणं ही मोठी विद्या आहे. पण त्या हाकेवर कुणी विश्वासाने येतं, हे विसरलं की तिचा सापळा होतो.

माझी डबी मी शाळेच्या वर्गात नेतो, तळ्यावर नाही. मुलं पाटी, काच, तांबं, जर्मल अशी चकती बदलून ऐकतात आणि कोणता धातू कसा बोलतो ते सांगतात. तुम्हीही करून पाहा. नवेगावबांधला गेलात तर मात्र खिशातला मोबाइल गप्प ठेवा. पक्षी बोलतील, आपण ऐकावं.