लेकराला बोलणे कोण शिकवते?



आपल्या कुडव्याच्या या वर्गात पुष्कळ जण मला म्हणतात, "गुरुजी, आम्हांले भाषा कुठं येते? आम्ही अडाणी माणसं." आज त्यावरच बोलतो.

तुमच्या घरी तीन वर्षांचे लेकरू असेल. ते म्हणते, "बाबा जाला. आईने भाजी करली." आपण हसतो. पण 'जाला', 'करली' असे घरात कोण बोलते? कोणीच नाही. मग लेकराने हे शब्द आणले कुठून? त्याने 'बसला', 'उठला' ऐकले. 'भरली', 'धरली' ऐकले. त्यावरून मनाशी एक नियम बांधला. 'जा' ला 'ला' जोडला, 'कर' ला 'ली' जोडली. हा नियम आईने शिकवला नाही, मास्तरानेही नाही. पुढे ऐकून ऐकून ते आपणच 'गेला', 'केली' म्हणू लागते.

1958 साली अमेरिकेत जीन बर्को नावाच्या बाईंनी याची परीक्षा घेतली. पाखरासारखे एक चित्र काढले आणि त्याला नाव दिले 'वग'. असा शब्द इंग्रजीत नव्हताच. मग दोन चित्रे दाखवून विचारले, "आता हे काय?" चार ते सात वर्षांच्या बहुतेक मुलांनी अनेकवचन बरोबर सांगितले.

तुम्ही घरी करून पाहा. "हा एक टुपडा. आणि हे दोन?" लेकरू म्हणेल, "टुपडे." टुपडा हा शब्द मीच आता बनवला बरं का!

आता माझी चूक सांगतो. आपल्या जिल्ह्यात कोणाच्या घरी पोवारी, कोणाच्या घरी गोंडी, कोणाच्या घरी हिंदी. देवरीकडच्या एका शाळेत मी होतो. पहिलीत एक गोंड मुलगा होता. वर्गात तोंड उघडत नसे. मी त्याला मंद समजलो. एकदा तो उठून म्हणाला, "येर." मला कळले नाही. मी दटावून खाली बसवला. गोंडीत येर म्हणजे पाणी. पोर तहानेले होते! सुट्टीत पाहिले, तर तोच मुलगा आपल्या भावाशी घडाघडा बोलत होता. गोंडी ही तेलुगूच्या कुळातली भाषा. मराठीचा कान तिला सहज पकडत नाही. अडाणी कोण होते, तो की मी?

तुम्ही 'मले, तुले, त्याले' म्हणता. तेही नियमानेच म्हणता. पुस्तकात 'मला, तुला' छापतात, एवढेच. बोली तुम्ही लहानपणीच पुरी शिकलात. अक्षरांचे मात्र तसे नाही. ती माणसाने केलेली खूण आहे. कोणी दाखवल्याशिवाय ती कळत नाही, मग शिकणारा कितीही हुशार असो. म्हणून वाचताना शब्द अडला, तर अक्षरे जोडून मोठ्याने म्हणा. डोळ्याला अनोळखी वाटलेला शब्द पुष्कळदा कान ओळखतो.

उद्या येताना आपल्या लेकराचा असा एक शब्द वहीत लिहून आणा. स्पेलिंगची, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाची, काळजी करू नका. आपण तो फळ्यावर लिहू आणि त्याने कोणता नियम बांधला ते शोधू.