गोधडीच्या खोलीतलं रॅप

आजचा विषय ऐकून काहीजणी रेडिओचं बटण फिरवतील. जरा थांबा. विषय आहे रॅप, म्हणजे आपल्या घरातली पोरं-पोरी तालावर झरझर बोलतात ते गाणं, आणि ते घरच्या घरी नीट रेकॉर्ड कसं करायचं.

हे पोरांचं खूळ म्हणून सोडून देऊ नका. रॅप ज्या हिप-हॉपमधून आलं, त्याची सुरुवात ११ ऑगस्ट १९७३ची मानतात. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात सिंडी कॅम्पबेल या मुलीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते. पैसे उभे करायला तिनं इमारतीतल्या हॉलमध्ये नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ होता. पुढे डीजे कूल हर्क म्हणून नावाजला तो हाच. नाव भावाचं झालं, पण हिशेब बहिणीचा होता! आणि आपल्याकडे महादेव कोळी समाजातली मधुरा घाणे ‘माही जी’ या नावानं आदिवासींच्या जगण्यावर, उन्हाच्या तडाख्यावर रॅप करते.

तर तुमची लेक, सून किंवा गटातली एखादी मुलगी पाण्यावर, दारूवर, कॉलेजच्या एसटीवर चार ओळी लिहीत असेल, तर तिच्या गाण्याची सगळी मदार शब्दांवर आहे. रॅपमध्ये सूर कमी, शब्द जास्त. ती म्हणाली ‘पाणी नाही’ आणि ऐकणाऱ्याला वाटलं ‘गाणी नाही’, तर सगळी मेहनत वाया.

पहिला प्रश्न येतो माइकचा. मी म्हणते, आधी खोली बघा. रिकाम्या सिमेंटच्या खोलीत टाळी वाजवा. टाळीमागून झणझण ऐकू आली, तर महागडा माइकसुद्धा तीच झणझण टिपणार. पत्र्याची खोली तर नकोच. धान्याची पोती रचलेली खोली उत्तम, पोती आवाज पिऊन टाकतात. ती नसेल तर बाज उभी करा, तिच्यावर दोन-तीन जाड गोधड्या टाका आणि मुलीला गोधड्यांकडे पाठ करून उभं करा. तिच्या तोंडातून निघालेला आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो, म्हणून माइकच्या मागेही एक वाकळ टांगा. पंखा बंद, फ्रीज बंद. लाइट गेलेली असली तर उलट बरंच, तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा.

माइक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला. प, फ, भ म्हणताना हवेचा झोत सुटतो आणि रेकॉर्डिंगमध्ये धप्प असा आवाज येतो. त्यासाठी बाजारात जाळी मिळते. आपली भरतकामाची रिंग आहे ना, तिच्यात पातळ ओढणी ताणून बसवा आणि माइकपुढे चार बोटांवर धरा. काम भागतं. माइक नसेल तर मोबाइलवरही सुरुवात होते. ताल मात्र इअरफोनमधूनच ऐकायचा. स्पीकरवर लावला तर तो आवाजात मिसळतो आणि नंतर वेगळा करणं अवघड जातं.

रेकॉर्ड करताना आवाजाची पट्टी वर-खाली हलते, तिच्यावर लक्ष ठेवा. सगळ्यात मोठ्यानं म्हटलेला शब्द वजा १२ ते वजा ६ च्या दरम्यान राहावा. पट्टी लाल झाली की आवाज फाटला. उतू गेलेलं दूध परत भांड्यात येत नाही, तसंच. कमी आलेला आवाज नंतर वाढवता येतो.

अख्खं गाणं एका दमात म्हणायचा हट्ट नको. चार-चार ओळी घ्या. श्वास कुठे घ्यायचा तिथे वहीत खूण करा. मग ओळीतले शेवटचे शब्द पुन्हा वेगळे रेकॉर्ड करून मूळ आवाजाखाली हलके ठेवा. भजनात झीलकरी ओळ उचलतात ना, तसा भार येतो.

आता मिक्सिंग, म्हणजे आवाज आणि ताल एकत्र बसवणं. कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी, मोबाइलवर बँडलॅब, दोन्ही फुकट मिळतात. आधी ८० हर्ट्झखालचा भाग कापा, घरातली बरीचशी घुमघुम जाते. मग कॉम्प्रेसर लावा. तो ओरडलेले शब्द थोडे दाबतो. त्यानंतर सगळा आवाज वर उचलला की पुटपुटलेले शब्दही पुढे येतात. तीनास एक एवढं प्रमाण पुरे, जास्त दाबलं तर आवाज गुदमरल्यासारखा होतो. घुमारा चिमूटभर. पोरांना तो फार आवडतो, पण शब्द त्यातच बुडतात.

शब्द कळत नसला की सगळे आवाज वाढवतात. तसं करू नका, ताल कमी करा. शब्दांची धार साधारण दोन ते चार हजार हर्ट्झमध्ये असते. तालाचा तेवढाच भाग थोडा खाली घ्या, शब्दांना वाट मिळते. मग गाणं मोबाइलच्या स्पीकरवर लावा, ट्रॅक्टरच्या टेपवर लावा. ज्यांनी वही पाहिलेली नाही अशा सासूबाईंना भाकरी थापता थापता ऐकवा आणि काय ऐकू आलं ते विचारा. जो शब्द त्यांना कळला नाही, तो पुन्हा रेकॉर्ड करा.

या सगळ्याला निवांत दोन तास लागतात. मुलगा दार लावून बसला तर ‘काम चाललंय’ म्हणतो आपण, आणि मुलगी बसली की दर दहा मिनिटांनी चहा टाकायला हाक. ते दोन तास तिला मिळवून देणं तुमच्या हातात आहे. शेजारणीला आधी सांगून ठेवा, म्हणजे आतून ओरडणं ऐकू आलं तरी धावत येणार नाही.

इंटरनेटवर ‘फुकट’ लिहिलेला ताल पुष्कळदा फक्त ऐकायला फुकट असतो. गाण्यात वापरायला मालकाची परवानगी लागते. त्यापेक्षा हलगी, ढोलकी, जात्याची घरघर रेकॉर्ड करा. कुणा आजीची ओवी घेतलीत तर तिला विचारा आणि तिचं नाव घाला.

गाणं केंद्राकडे पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आवाज दबतो. पेन ड्राइव्हवर आणलंत तर उत्तम. सोबत कागदावर पूर्ण शब्द, आणि वर कुणी लिहिलं, कुणी म्हटलं, ताल कुणी दिला, तिघींची नावं. मूळ रेकॉर्डिंग घरीच जपून ठेवा, पुसू नका.