टिफा गप्प का राहिली?

रसिकहो, कादंबरीवर बोलायला बोलावलंत आणि हा डॉक्टर व्हिडिओ गेमवर बोलतोय, म्हणून हसू नका. धाकट्या चिरंजीवाशेजारी बसून मी १९९७ सालचा ‘फायनल फँटसी सात’ हा जपानी खेळ पाहिला. नायक क्लाउड सोबत्यांना पाच वर्षांपूर्वीची हकिकत सांगतो : मी अव्वल दर्जाचा लढवय्या होतो. खेळणारा ती हकिकत स्वतःच्या बोटांनी खेळतो. पुढे उलगडतं, तो लढवय्या झॅक होता. क्लाउड तोंड झाकलेला साधा शिपाई. कादंबरीतला निवेदक खोटं सांगतो तेव्हा आपण फक्त ऐकतो. इथे ते खोटं आपणच जगून बसलेलो असतो.

बालमैत्रीण टिफाला हे खटकतं, तरी ती गप्प. दवाखान्यात मी हे रोज पाहतो. संत्राबागेचा मालक म्हणतो, “झोप उत्तम.” शेजारी बायको पदराशी चाळा करते. जवळच्या माणसांचंही ऐका, असं हानेमान लिहून गेले. एकदा मी तिला विचारलं नाही. सहा महिने औषध चुकलं.

लीळाचरित्रात आठवणी जुळल्या नाहीत, तिथे दोन्ही पाठ सांगणाऱ्यांच्या नावांनिशी ठेवलेले आढळतात. हल्ली माझ्या केसपेपरवरही दोन रकाने असतात. तिचा बहुधा कोराच राहतो.