समुद्रकाकडी : नाव आणि ओळख
(बुटीबोरी येथे विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



बुटीबोरीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे; काकडी मात्र आपल्या नित्य परिचयाची. समुद्रकाकडी हे नाव या दोहोंना जोडते. ही वनस्पती नव्हे, समुद्रतळावर राहणारा प्राणी आहे.

लांबट, दंडगोल शरीर आणि खडबडीत कातडी यांवरून हे नाव पडले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार प्लिनी याने रंगाने व वासाने काकडीसारख्या असलेल्या सागरी वस्तूचा उल्लेख केला आहे. अपरिचिताला परिचिताचे नाव देण्याची ही रीत सर्वत्र आढळते. तमिळ भाषेत या प्राण्याला 'कडल अट्टै' म्हणजे समुद्रातील जळू म्हणतात. पोर्तुगीजांनी त्याला समुद्रातील किडा म्हटले. चिनी भाषेतील 'हायशेन' या नावाचा अर्थ मात्र समुद्रातील जिनसेंग, म्हणजे बहुमोल औषधी मुळी, असा होतो.

शास्त्र रूपावर न थांबता रचना पाहते. समुद्रकाकडी ही कंटकचर्मी संघातील, म्हणजे तारामाशाची नातलग होय. ताऱ्याच्या पाच भुजांची खूण तिच्या शरीराच्या पाच पट्ट्यांत दिसते. पुष्कळ जातींत या पट्ट्यांवर चालण्यास उपयोगी पडणारे नलिकापाद असतात. अनेक जाती वाळू गिळतात, तिच्यातील सेंद्रिय अंश पचवितात आणि उरलेली वाळू बाहेर टाकतात. शेतात गांडूळ जे कार्य करते, तेच बव्हंशी त्या समुद्रतळावर करतात.

वेलीवरची काकडी तोडली तरी वेल पुन्हा फळ धरते. समुद्रकाकडीची गोष्ट निराळी आहे. बहुतेक जातींत नर-मादी आपली बीजे पाण्यात सोडतात. प्राणी विरळ झाले की बीजांची गाठ पडत नाही व प्रजनन खुंटते. चीनमधील मागणीपायी अनेक देशांच्या किनाऱ्यांवर त्यांची बेसुमार पकड झाली. आपल्या देशात मन्नारचे आखात व पाल्कची सामुद्रधुनी ही त्यांची प्रमुख क्षेत्रे. 2001 मध्ये त्यांचा समावेश वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत करण्यात आला. 2020 मध्ये लक्षद्वीपमध्ये चेरियापाणी येथे सुमारे 239 चौरस किलोमीटरचे खास राखीव क्षेत्र घोषित झाले.

मित्रहो, नावावरून ही भाजी वाटेल, बाजारभावावरून ती माल वाटेल. विज्ञानाच्या अभ्यासकाने मात्र पाठ्यपुस्तकात हे नाव वाचताना तो प्राणी कसा जगतो, काय खातो आणि कोणाच्या उपयोगी पडतो, हे विचारावे. समुद्र न पाहिलेल्या विद्यार्थ्यालाही हे प्रश्न विचारता येतात.