विधीची एकेरी पदवी की जोडपदवी?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत गणेशोत्सवात दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेचे निमंत्रण देताना चिटणीसांनी विषयाची निवड आमच्यावरच सोपविली होती. आम्ही केंद्र सरकारच्या नोकरीतील पन्नाशी ओलांडलेले एक साधे बी.ए. साहित्य, संगीत किंवा अध्यात्म यांवर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु गेल्या गुढीपाडव्याला याच सभागृहात श्रीखंडाच्या वाट्या फिरत असताना मंडळातील एका वहिनींनी आम्हांस गाठले आणि विचारले, "भावोजी, आमच्या मुलाला वकील व्हायचंय. बारावीनंतर लगेच पाच वर्षांचं करावं, की आधी बी.ए. होऊन मग तीन वर्षांचं? तुमच्या मुलीनं केलंय ना?" त्या वेळी आम्ही काहीतरी गुळमुळीत बोलून वाटी पुढे केली. त्या उत्तराची टोचणी तेव्हापासून मनाला लागून राहिली आहे, आणि आजचे हे भाषण म्हणजे त्या वहिनींना दिलेले उशिराचे उत्तर होय.

प्रथम एक गैरसमज दूर करू. एक पदवी वरच्या दर्जाची व दुसरी खालच्या, असे कायद्यात कोठेही नाही. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाखाली सनद मिळते ती दोन्ही मार्गांनी आलेल्यांना सारखीच, आणि २०११ पासून सुरू झालेली अखिल भारतीय बार परीक्षाही दोघांना सारखीच द्यावी लागते. करारांचा कायदा, पुराव्याचा कायदा, दिवाणी प्रक्रिया, संविधान हे मुख्य विषय दोन्हीकडे तेच. फरक इतकाच, की जोडपदवीत इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र यांसारखे बी.ए.चे विषय त्याच पाच वर्षांत विणलेले असतात. एकेरी मार्गाने जाणारा आधी तीन वर्षे कोणत्याही शाखेची पदवी घेतो आणि मग तीन वर्षे केवळ कायदा शिकतो. पाच विरुद्ध सहा असा हा हिशेब. नव्या धोरणाप्रमाणे बी.ए.ला चौथे वर्ष जोडले, तर पाच विरुद्ध सात.

आमच्या पूर्वसूरींपुढे हा प्रश्न नव्हताच. न्यायमूर्ती रानडे १८६२ मध्ये बी.ए. झाले आणि १८६६ मध्ये एल्‌एल्.बी. झाले. टिळकांचाही क्रम तोच, आधी बी.ए., मग एल्‌एल्.बी. डॉ. आंबेडकर तर देशोदेशीच्या विद्यापीठांत अर्थशास्त्र पचवून मग बॅरिस्टर झाले. कायदा हे पदवीधराने शिकण्याचे शास्त्र आहे, ही समजूत शंभर वर्षे टिकली. तिला मोठा छेद दिला तो बेंगळुरूच्या राष्ट्रीय विधि विद्यालयाने. प्राध्यापक माधव मेनन यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९८८ मध्ये बारावी झालेल्या मुलांची पहिली तुकडी पाच वर्षांसाठी बसली. डॉक्टर किंवा इंजिनियर होणारा मुलगा सतराव्या-अठराव्या वर्षी आपल्या विद्येला वाहून घेतो, मग वकील होणाऱ्याने तीन वर्षे इकडेतिकडे का घालवावीत, असा तो विचार. विचार चुकीचा नव्हता. पदवी घेऊन कोठेच जमले नाही म्हणून लॉ कॉलेजात नाव घालणाऱ्यांची त्या काळी वाण नव्हती. (तसे नाव आम्हीही घातले होते, त्याविषयी पुढे सांगू.)

परंतु मौज पाहा. ज्या बेंगळुरूने पाच वर्षांची प्रथा रूढ केली, त्याच बेंगळुरूने २०२२ मध्ये पदवीधरांसाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम उघडला. आणि १९२४ पासून पदवीधरांनाच कायदा शिकविणाऱ्या दिल्ली विद्यापीठाच्या विधी शाखेने २०२३ मध्ये पाच वर्षांचा सुरू केला. पुण्याच्या आय.एल.एस. महाविद्यालयात आणि मुंबईच्या १८५५ सालच्या शासकीय विधी महाविद्यालयात तर दोन्ही वर्ग एकाच छपराखाली चालतात. तेव्हा शहाणी माणसे दोन्ही बाजूंस आहेत आणि त्यांनीही दोन्ही दारे उघडी ठेवली आहेत, एवढे त्या वहिनींनी ध्यानात घ्यावे.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. आमच्या कन्येला बारावीनंतर परराज्यातील एका राष्ट्रीय विधि विद्यापीठात प्रवेश मिळाला. घरात पेढे वाटले गेले, आणि कार्यालयात आम्ही दोन दिवस जरा ताठ मानेनेच वावरलो. वर्षाची फी लाखांत. शैक्षणिक कर्ज काढले. पहिली दोन वर्षे ठीक गेली. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस एका रात्री तिचा फोन आला. "बाबा, मला हे आवडत नाही असं नाही, पण मला भाषाशास्त्र शिकायचंय. तीन वर्षं झालीत, तर बी.ए. घेऊन बाहेर पडते आणि एम.ए.ला जाते." आम्ही उदारपणे म्हणालो, "अवश्य. बी.ए. तर झालेच आहे." दुसऱ्या दिवशी ती विद्यापीठाच्या कार्यालयात गेली आणि तेथून तिने आम्हांस नियमाच्या पानाचे छायाचित्र पाठविले. बार कौन्सिलच्या विधी शिक्षण नियम, २००८ मधील तेरावा नियम. जोडपदवीची फोड करून मध्येच एक पदवी हाती देता येणार नाही, आणि आपण पदवीधर आहोत या सबबीवर मध्येच कोणाला आत घेताही येणार नाही, असा त्याचा आशय.

बंधुभगिनींनो, आमचा सारा दिवस नियम वाचण्यात जातो. रजेचे नियम, प्रवासभत्त्याचे नियम, निवृत्तिवेतनाचे नियम. एखाद्या कारकुनाने टिपणात नियमाचा क्रमांक चुकविला, तर आम्ही फाइल परत पाठवितो. आणि पोटच्या मुलीच्या पाच वर्षांचा जो नियम, तो आम्ही वाचलेला नव्हता. विद्यापीठाने काही लपविले नव्हते. पान सर्वांसाठी उघडे होते. आम्ही 'बी.ए., एल्‌एल्.बी.' या दोन अक्षरसमूहांमधील स्वल्पविराम पाहिला आणि तेथे विश्रांतीचे ठिकाण आहे असे गृहीत धरले. प्रत्यक्षात ती थेट गाडी आहे; मधल्या स्टेशनावर उतरलात, तर हातात काहीच नाही.

त्या रात्री बापलेकीत जे बोलणे झाले ते येथे सांगण्याचे कारण नाही. कर्जाचा आकडा आम्ही उच्चारला, हे मात्र कबूल करतो. तो उच्चारला नसता तर तिने काय केले असते, हे आम्हांस आजही ठाऊक नाही. ती राहिली. उरलेली दोन वर्षे तिने पुरी केली, चांगल्या गुणांनी केली, आणि साक्षीदार त्याच्या बोलीत जे बोलतो त्याचे न्यायालयाच्या कागदावर इंग्रजीत काय होते, यावर एक निबंधही लिहिला. आज ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचे एम.ए. करीत आहे. सनद तिने घेतलेली नाही. वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही, तीही म्हणत नाही; परंतु दोन वर्षे ही दोन वर्षेच असतात.

आता आमच्या बी.ए.विषयी. १९९० मध्ये नागपूर विद्यापीठाची पदवी हाती पडली आणि त्याच वर्षी वडील अंथरुणाला खिळले. ती पदवी होती म्हणून सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसता आले आणि घर चालले. पुढे नोकरी सांभाळून सायंकाळच्या विधी वर्गात नाव घातले; पहिले वर्ष पार पडले आणि कलकत्त्याच्या बदलीचा हुकूम आला. पहिल्या वर्षाची ती गुणपत्रिका अजून ट्रंकेत आहे. तिचा उपयोग कोणालाही झाला नाही. परंतु कायदा सुटला तरी बी.ए. सुटले नाही, त्याच बी.ए.वर आजवर भाकरी खाल्ली. त्या वेळी आम्ही जोडपदवीच्या तिसऱ्या वर्षात असतो, तर वडिलांच्या आजारात आमच्या हाती फक्त बारावीचा दाखला असता. ज्या घरात एकच मिळवता आहे आणि त्याची प्रकृती नाजूक आहे, त्या घराने ही गोष्ट फीच्या आकड्याइतकीच गंभीरपणे तपासावी.

आपल्यासारख्या परप्रांतात राहणाऱ्यांचा आणखी एक पेच आहे. अनेक राष्ट्रीय विधि विद्यापीठांत त्या त्या राज्याच्या रहिवाशांसाठी जागा राखून ठेवलेल्या असतात. बदलीच्या नोकरीतील माणसाचे मूल नागपुरात जन्मते, कलकत्त्यात पहिलीला जाते आणि लखनऊला बारावी होते. रहिवासाच्या दाखल्याच्या रकान्यात त्याने काय लिहावे? आमच्या कन्येला महाराष्ट्र आपली म्हणेना आणि उत्तर प्रदेशही म्हणेना. ती शेवटी सर्वसाधारण जागेतून गेली. फॉर्म भरण्याच्या आठवड्यात तहसील कचेरीच्या फेऱ्या माराव्या लागू नयेत, म्हणून हे काम अकरावीतच उरकून घ्यावे.

आणि भाषा. उच्च न्यायालयाचा कारभार मुख्यतः इंग्रजीत असतो, पण जिल्हा न्यायालयाची भाषा राज्याची असते. आपल्या मुलाला पुढे पुण्यास किंवा साताऱ्यास वकिली करायची असेल, तर त्याला सातबारा, खरेदीखत, फिर्याद, पंचनामा मराठीत वाचता आला पाहिजे. महाराष्ट्रातील दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेत मराठीचे चांगले ज्ञान ही अटच आहे. घरी मराठी बोलणारी आपली मुले देवनागरी वाचतात, परंतु 'कुळकायदा' किंवा 'वहिवाट' म्हटले की थबकतात. येथे एकेरी मार्गाचा एक फायदा आम्हांस दिसतो. आधीची तीन वर्षे येथे, आईवडिलांजवळ काढून, कायद्याची तीन वर्षे जेथे वकिली करायची त्या गावी काढता येतात. कोर्टाची पायरी, तेथील भाषा आणि तेथील ज्येष्ठ वकील यांची ओळख त्याच काळात होते. लखनऊ खंडपीठातच उभे राहायचे असेल, तर हा मुद्दा उरत नाही.

न्यायाधीश होऊ पाहणाऱ्यांसाठी एक वाक्य. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. तेव्हा पदवी हाती येताच परीक्षेला बसू, असा हिशेब करून पाच वर्षांकडे धावू नये, आणि जाहिरातीतील अट स्वतः वाचावी.

मग आमचे उत्तर काय? मुलाने स्वतः, कोणी न सांगता, दोन-चार दिवस न्यायालयात बसून पाहिले असेल, आणि तेथील कंटाळवाण्या तारखा पाहूनही त्याची इच्छा टिकली असेल, तर त्याला पाच वर्षांस खुशाल पाठवावे. उत्तम ग्रंथालय, अभिरूप न्यायालये आणि त्याच वेडाचे सोबती त्याला अठराव्या वर्षीच मिळतील; एक वर्षही वाचेल. परंतु वकिली ही आईची, वडिलांची किंवा शिकवणीच्या वर्गाची कल्पना असेल, तर आधी बी.ए., बी.कॉम., काय हवे ते होऊ द्यावे. कायदा कोठे पळून जात नाही. दंडसंहिता १८६० पासून होती, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी न्याय संहिता आली. आधी शिकलेल्यांनाही कलमांचे आकडे नव्याने पाठ करावे लागत आहेत.

हे सारे आम्ही गेल्या रविवारी त्या वहिनींना घरी जाऊन सांगितले. चिरंजीव शेजारी बसून ऐकत होते. ते यंदा बारावीत आहेत. आमचे बोलणे संपल्यावर त्यांनी इतकेच विचारले, "काका, ताईचा नंबर मिळेल का?" आम्ही दिला. त्या रात्री दोघांचे तासभर बोलणे झाले म्हणतात. काय झाले ते दोघांनीही आम्हांस सांगितलेले नाही.