खांब जमिनीत नको, दगडावर हवा
(अहेरी भागातील शेतकऱ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



धानावर बोलणारा माणूस आज घरावर बोलणार, याचे आपणास नवल वाटेल. परंतु घर हेही शेतकऱ्याचे औजारच आहे. धान, बियाणे, औत-फाटा सारे त्याच्याच आसऱ्याने राहते.

अहेरी-आलापल्ली भागातील आपली जुनी घरे लाकडी सांगाड्याची. कवेलूंचे ओझे फाटे, आडे व मयालीवरून खांबांवर येते. भिंत म्हणजे बांबूचा कूड व त्यावर मातीचा लेप. ती छप्पर पेलत नाही. म्हणून भिंत ढासळली तरी घर उभे राहते व तीच माती भिजवून भिंत पुन्हा लिंपता येते.

मग घर मोडावे का लागते? खांबाचा पाय कुजतो म्हणून. पुरलेल्या खांबास जमिनीलगत ओल व हवा दोन्ही मिळतात. तेथे बुरशी वाढते व वाळवी चढते. सागाचा गाभा टिकाऊ असतो, पण बाहेरचा पांढरा भाग लवकर पोखरला जातो. वरचा खांब ठणठणीत असताना हातभर बुडासाठी सारे घर मोडले जाते आणि आजोबांच्या काळचे सागवान चुलीत जाते.

इंग्लंडमधील जुनी शेतघरेही अशीच आहेत. तेथे सागाऐवजी ओक, बांबूऐवजी लवचिक फोकांचा कूड, आणि लेप मात्र माती, शेण व गवताचाच. शॉटरी गावी शेक्सपिअरच्या पत्नीचे माहेर असलेले शेतघर आहे. त्याचा सर्वांत जुना भाग १५व्या शतकातील असून तो आजही उभा आहे. तेथेही जमिनीत पुरलेले खांब कुजले. लाकूड दगडी जोत्यावर ठेवलेली घरे टिकली. आपल्याकडील वाड्यांत खांबाखाली तळखडा असतो, तो याच कारणाने.

दुरुस्ती करताना पुढील गोष्टी लक्षात घ्याव्यात :

१. काम उन्हाळ्यात, अनुभवी सुताराकडूनच करावे. आधी त्या भागावरील कवेलू उतरवावेत.

२. मयालीस दोन्ही बाजूंनी भक्कम टेकू द्यावा. एका वेळी एकच खांब घ्यावा.

३. कुजका भाग कापून खाली जमिनीपासून हातभर उंच दगडी बैठक द्यावी. दगडावरून चढणारी वाळवीची मातीची नळी लगेच दिसते; ती खरवडून काढावी.

४. पुरलेल्या खांबास मातीची पकड असते, दगडावरच्या खांबास नसते. म्हणून खांब व मयालीच्या कोपऱ्यांत तिरपे आधार ठोकावेत.

५. कुडासाठी तीन वर्षांवरील पक्का बांबू हिवाळ्यात तोडावा व काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवावा. त्यातील पिष्ट कमी झाल्याने भुंगेरा कमी लागतो.

६. नुसत्या काळ्या मातीचा लेप तडकतो. तिच्यात रेती व धानाच्या तणसाचे तुकडे मिसळून काही दिवस मुरू द्यावे.

घरकुल मंजूर झाले असेल तर जरूर बांधा. मात्र जुने घर मोडण्यापूर्वी प्रत्येक खांब विळ्याच्या टोकाने टोचून पाहा. टोक बुडाशीच रुतले व वर अडले, तर तो सांगाडा धानाच्या कोठारास किंवा गोठ्यास अजून पुष्कळ वर्षे उपयोगी पडेल. असे सागवान पुन्हा विकत घेणे आपल्यापैकी किती जणांना परवडेल, याचा विचार करूनच कुऱ्हाड उचला.